दुधाची दाढ किडली तर: सरकारी दवाखान्यातून उपचार कसा मिळवायचा

पुढचे दुधाचे दात सहाव्या-सातव्या वर्षापासून पडू लागतात, पण मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. चार वर्षांच्या लेकराची दाढ किडली तर ‘दुधाची आहे, पडेल’ म्हणून सोडू नका. तिला अजून सहा-सात वर्षं भाकरी चावायची आहे. ती लवकर काढावी लागली तर शेजारच्या दाढा त्या जागेत सरकतात आणि पक्का दात वाकडा येतो.

महिन्यातून एकदा, दिवसाउजेडी, मुलाचं डोकं मांडीवर घेऊन वरचा ओठ उचला. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात. या टप्प्यावर फ्लोराइडचा लेप आणि नीट घासणं एवढ्यावर कीड थांबू शकते. तपकिरी खड्डा दिसला तर दात भरून घ्यायचा. हिरडीवर पुटकुळी आली म्हणजे मुळाशी पू झालाय.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक २०१३ पासून अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलं तपासतं. दातही त्या तपासणीत येतात. पण पथकात दंतवैद्य नसतो. ते तोंड बघतात आणि पुढे पाठवायची चिठ्ठी देतात. सगळं इथंच अडतं. चिठ्ठी दप्तरात राहते, मजुरी बुडते म्हणून जाणं टळतं आणि गाल सुजल्यावर दाढ काढण्याखेरीज फारसं काही उरत नाही. सेविकाताईंनी चिठ्ठी दिल्याची नोंद ठेवून पंधरा दिवसांनी घरी विचारावं. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला निघणाऱ्या घरांचं काम आधी उरकावं, कारण पुढचे काही महिने ते मूल कुणाच्याच यादीत नसतं.

पथकाची वाट बघायची गरज नाही, चिठ्ठीशिवायही जाता येतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात सहसा दंतवैद्य नसतो, म्हणून ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठावं. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरून एक खेप म्हणजे अख्खा दिवस, तेव्हा दंतवैद्य कोणत्या वारी बसतात हे आशाताईंकडून आधी विचारून घ्या. सकाळीच पोचून केसपेपर काढा. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय वेगळ्या खात्याचं, तिथे थोडी फी लागू शकते. धुळ्यात खासगी दंत महाविद्यालयही आहे. तिथे जाणार असाल तर खर्च आधी विचारा.

मुलाला खाऊ घालून न्या. उपाशी मूल लवकर घाबरतं. ‘सुई टोचतील’ अशी भीती घरात कधीच घालू नका. ‘दाढ वाचेल का, की काढावीच लागेल?’ हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. दुधाच्या दाढेचीही नस काढून ती वाचवता येते. तिथे सोय नसेल तर पुढची चिठ्ठी मागून घ्या. दाढ काढलीच तर बोळा अर्धा तास दाबून ठेवायचा, त्या दिवशी चूळ भरायची नाही. बधिरपणा उतरेपर्यंत, म्हणजे दोन-तीन तास, मुलावर लक्ष ठेवा. बधिर ओठ मुलं चावून रक्ताळून घेतात.

सहाव्या वर्षी शेवटच्या दुधाच्या दाढेमागे एक नवी दाढ येते. काही पडून ती आलेली नसते, म्हणून तिलाही दुधाची समजतात. ती पक्की आहे आणि जन्मभर पुरायची आहे.

फ्लोराइडची साधी पेस्ट पुरते: तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्यांनीच घासून द्यावं. रात्री घासल्यावर फक्त पाणी. बाटलीत गोड चहा किंवा साखरेचं दूध देऊन झोपवू नका. पुढचे वरचे चार दात त्यानेच जातात. मशेरी तंबाखूची असते, ती लेकराच्या तोंडाला लागूच नये. दुखऱ्या दाढेत तंबाखू किंवा लवंगेचं तेल भरू नका, हिरडी भाजते. अ‍ॅस्पिरिनची गोळीही मुलांना द्यायची नाही.

सूज डोळ्याखाली किंवा जबड्याखाली पसरली, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर दंतवैद्याच्या वाराची वाट बघू नका. त्याच वेळी १०८ ला फोन करा.