शॉटगनचं वजन मोजताना आणि ठरवताना या चुका टाळा

रेंजवर नवीन माणूस आला की पहिल्या पंधरा मिनिटांत एक प्रश्न ठरलेला असतो: "सर, बंदूक किती किलोची घेऊ?" मी विचारतो, काडतूस कोणतं वापरणार आणि दिवसाला किती चकत्या (हवेत उडवलेली मातीची लक्ष्यं) मारणार? याचं उत्तर बहुतेकांकडे नसतं. वजनाचा आकडा मात्र कुठेतरी वाचून डोक्यात पक्का बसलेला असतो.

वजन महत्त्वाचं आहे, यात वाद नाही. पण ते काडतुसाबरोबर, हाताच्या ताकदीबरोबर आणि बंदुकीत ते नेमकं कुठे बसलंय याबरोबर बघायचं असतं. सुटा आकडा काही सांगत नाही. त्या सुट्या आकड्यापायी लोक पुन्हा पुन्हा जिथे घसरतात, ते लिहून ठेवतोय.

धक्का लागला की आधी बंदुकीला दोष देणं

ही चूक मी सगळ्यात जास्त पाहिली आहे आणि हिने सगळ्यात जास्त नुकसान होतं.

एक तरुण मुलगा माझ्याकडे ट्रॅप, म्हणजे समोरून दूर पळणाऱ्या चकत्या मारण्याचा प्रकार, शिकायला आला. हातात हलकी बारा बोरची दुनळी, रिकामी असताना वजन 2.9 किलो. शिकारीसाठी, दिवसभर खांद्यावर घेऊन चालायला अशी बंदूक उत्तम. काडतुसं मात्र त्याने 36 ग्रॅम छऱ्यांची आणली होती. जास्त छर्रे म्हणजे जास्त चकत्या फुटणार, असा त्याचा हिशेब. पहिली 25 ची फेरी बरी गेली. दुसऱ्या फेरीत गाल दस्त्यावरून (बंदुकीचा खांद्याला लागणारा मागचा भाग) उचलला जायला लागला. तिसऱ्या फेरीत तो चकतीच्या एक हात मागे मारत होता आणि ते का होतंय, हे त्याला कळत नव्हतं.

त्याला सांगून मी चार-पाच काडतुसांत एक डमी, म्हणजे न उडणारं काडतूस, मिसळलं. कधी येईल ते त्याला माहीत नव्हतं. डमीवर घोडा पडला, आवाज आला नाही, पण नळीचं तोंड सरळ बोटभर खाली गेलं आणि डोळे घट्ट मिटले होते. बार होण्याआधीच तो धक्क्याला घाबरत होता. ही भीती एकदा अंगात शिरली की काढायला महिने लागतात.

आठवडाभराने तो आला तेव्हा नळीच्या तोंडाशी, खालच्या बाजूने, शिशाच्या पट्ट्या चिकटवलेल्या. 150 ग्रॅम. "वजन वाढवलं सर." धक्का त्याला होता तेवढाच वाटत होता आणि आता नळी चकतीमागे जायलाच तयार नव्हती. सुरू व्हायला उशीर, थांबवायला उशीर.

मी पट्ट्या काढायला लावल्या आणि 24 ग्रॅमची काडतुसं हातात दिली. आंतरराष्ट्रीय ट्रॅप आणि स्कीटमध्ये (चकत्यांच्या नेमबाजीचा दुसरा प्रकार) याच भाराची काडतुसं चालतात, त्यामुळे 36 ग्रॅमची सवय त्याला तशीही कामाची नव्हती. त्याच 2.9 किलोच्या बंदुकीत धक्क्याची ऊर्जा जवळपास निम्म्यावर आली. भीती लगेच गेली नाही, पण गाल दस्त्यावर टिकायला लागला.

हिशेब अवघड नाही. छर्रे, वॉड (छऱ्यांमागची गुट्टी) आणि जळलेल्या पावडरचा वायू पुढे जाताना जेवढा संवेग घेऊन जातात, तेवढाच मागे बंदुकीला मिळतो. वजन वाढवून तो संवेग कमी होत नाही. बंदूक मागे येण्याचा वेग कमी होतो आणि त्यामुळे खांद्यावर येणारी ऊर्जा उतरते. 28 ग्रॅमचं काडतूस धरा. बंदूक 3 किलोऐवजी 3.6 किलोची घेतली तर ही ऊर्जा साधारण 17 टक्क्यांनी कमी होते. बंदूक तीच ठेवून, छऱ्यांचा वेगही तोच ठेवून 28 ऐवजी 24 ग्रॅम छर्रे घेतले तर ती साधारण 22-23 टक्क्यांनी कमी होते. म्हणजे 600 ग्रॅम लोखंड दिवसभर उचलून जे मिळत नाही, ते 4 ग्रॅम शिसं कमी करून मिळतं.

जुना एक ठोकताळा आहे, विल्यम ग्रीनर या इंग्रज बंदूककाराच्या नावाने सांगितला जातो: बंदुकीचं वजन छऱ्यांच्या वजनाच्या 96 पट असावं. 28 ग्रॅमला सुमारे 2.7 किलो, 36 ग्रॅमला सुमारे 3.46 किलो. त्या मुलाची बंदूक त्याच्या काडतुसाला अर्ध्या किलोहून जास्त हलकी पडत होती, हे या एका गुणाकारात दिसतं. मात्र हा ठोकताळा शिकारीत दिवसाला थोडेच बार काढणाऱ्या माणसासाठी आहे. दिवसाला शंभर-सव्वाशे चकत्या मारणाऱ्याने त्याच्या वरच राहावं. म्हणूनच स्पर्धेच्या ओव्हर-अंडर (एकावर एक नळ्या असलेल्या) बंदुका साधारण साडेतीन ते चार किलोच्या असतात.

आणि हो, दस्ता अंगाला बसत नसेल तर चार किलोची बंदूकही गालफडावर मारते. दस्त्याची लांबी आणि गालाची उंची आधी तपासा, वजनाचं मग बघू.

वजन मोजण्यातला आळस

आता मोजण्याकडे. इथे लोकांची घाई बघून मला खरंच त्रास होतो, कारण चुकीच्या आकड्यावर विसंबून ते दस्ता कोरतात, शिसं ओततात आणि मग परत फिरता येत नाही.

सगळ्यात आधी बंदूक उघडा, चेंबर बघा, मॅगझिन बघा, बोट घालून बघा. भरलेल्या बंदुकीचं वजन मोजायचं कारण कधीच नसतं. काडतुसांचं वजन हवं असेल तर ती वेगळी मोजून बेरीज करा. एकदा एक गृहस्थ सामानाच्या लटकत्या काट्याचा हुक सरळ ट्रिगर गार्डमध्ये अडकवून बंदूक उचलताना मी पाहिले. बंदूक रिकामी आहे का विचारलं तर "असेलच" म्हणाले. मी काटा हातातून काढून घेतला आणि त्या दिवशी त्यांना फायरिंग लाइनवर येऊ दिलं नाही. ट्रिगर गार्डमध्ये हुक, दोरी, खिळा, काहीही घालायचं नाही. बंदूक रिकामी असली तरी नाही.

दुसरा लाडका उपाय म्हणजे माणसांचा वजनकाटा. आधी स्वतः उभं राहायचं, मग बंदूक घेऊन, आणि वजाबाकी. ऐकायला बरं वाटतं. पण काटा 100-100 ग्रॅमच्या टप्प्याने आकडा दाखवतो, दोन मापांची चूक एकत्र येते, आणि आपण जिच्याबद्दल वाद घालतोय ती तफावत 150 ग्रॅमची असते. वर बरेच डिजिटल काटे आधीचा आकडा लक्षात ठेवतात. दुसऱ्या खेपेला वजन थोडंसंच वेगळं असलं तर तोच आकडा परत दाखवतात. आकडा दोनदा सारखा आला म्हणून माणूस खूश होतो आणि प्रत्यक्षात काट्याने दुसऱ्यांदा मोजलेलंच नसतं.

माझी पद्धत साधी आहे. 5 किलोपर्यंतचा, एक-एक ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा घ्यायचा. बंदूक सुटी करायची: नळ्या, फोरएंड (नळ्यांखालची पुढच्या हाताची पकड), आणि ॲक्शनसकट (बार उडवणाऱ्या यंत्रणेसकट) दस्ता. तिन्ही वेगवेगळे मोजून बेरीज. सुटी केलेली बंदूक उडत नाही, त्यामुळे सुरक्षितही हेच. नळ्या लांब असतात, काट्याचा डिस्प्ले झाकतात आणि टोकं टेबलाला टेकतात. काट्यावर एक छोटा खोका ठेवा, काटा शून्यावर आणा आणि नळ्या मधोमध, कुठेही न टेकवता, खोक्यावर ठेवा. काटा खरा आहे का ते आधी पाण्याने बघा. रिकामी बाटली ठेवून शून्य करा, मापाने एक लिटर पाणी घाला, 1000 ग्रॅमच्या आसपास यायला हवं.

तुकड्यांचे आकडे वेगळे लिहून ठेवले की आणखी एक फायदा होतो. पुढे वजन कुठे वाढलं, कुठे घटलं ते लगेच कळतं. नुसत्या एकूण आकड्यावरून ते कधीच कळत नाही.

चोक (नळीच्या तोंडाशी बसवायची अरुंद नळी), रिकॉइल पॅड (दस्त्यामागची धक्का झेलणारी गादी), पट्टा हे लावून मोजलं की काढून, तेही शेजारी लिहा. अर्धे वाद इथूनच सुरू होतात.

पौंड आणि औंसात लिहिलेलं वजन दशांश समजून वाचू नका. 7 पौंड 8 औंस म्हणजे 3.40 किलो, 7.8 पौंड म्हणजे 3.54 किलो.

काही युरोपीय बंदुकांच्या नळ्यांवर किलोत आकडा कोरलेला असतो. तो नळ्यांचा असतो, बंदुकीचा नाही.

कॅटलॉगमधल्या आकड्यापुढे "सुमारे" असतं ते खरंच सुमारे असतं. दस्त्याचं लाकूड प्रत्येक बंदुकीत वेगळं, एकाचं दाट, एकाचं हलकं. नळीची लांबी बदलली की आकडा बदलतो. आपली बंदूक आपणच मोजायची.

तोल साधला म्हणजे झालं, असं समजणं

हा माझा दुसरा जिव्हाळ्याचा विषय. यात चांगले जुने नेमबाजही फसतात.

तोल कुठे आहे ते शोधायला बंदूक बोटावर तोलत बसू नका. कापड गुंडाळलेल्या गोल लाकडी दांड्यावर ठेवा आणि जिथे स्थिर राहते तिथे टेपची खूण करा. नेमका आकडा हवा असेल तर दोन काटे घ्या. समजा एक आधार दस्त्याच्या मागच्या टोकापासून 15 सेंटिमीटरवर आणि दुसरा 90 सेंटिमीटरवर आहे. मागचा काटा 1.92 किलो दाखवतो, पुढचा 1.68. एकूण 3.60 किलो. पुढचा आकडा गुणिले दोन आधारांतलं अंतर, भागिले एकूण: 1.68 × 75 ÷ 3.60 = 35. म्हणजे मागच्या आधारापासून 35, दस्त्याच्या टोकापासून 50 सेंटिमीटरवर तोल. ओव्हर-अंडरमध्ये हा बिंदू साधारण बिजागरीच्या, म्हणजे बंदूक जिथे उघडते तिथल्या, पिनेजवळ येतो.

आता फसगत बघा. कुणीतरी पुढे लांब चोक लावतो, दोन्ही मिळून समजा 50 ग्रॅम वाढले. तोंड जड झालं म्हणून तो दस्त्यात मागे वजन भरतो. तोल पुन्हा बिजागरीवर येतो. माणूस समाधानी. पण बंदूक फिरवायला आता दोन्ही टोकांची वजनं हलवावी लागतात. फिरण्याला होणारा विरोध अंतराच्या वर्गाने वाढतो. बिजागरीपासून 70 सेंटिमीटरवरचे 50 ग्रॅम फिरताना जेवढा विरोध करतात, तेवढा 10 सेंटिमीटरवर करायला जवळपास अडीच किलो लागतील. म्हणून एकाच वजनाच्या आणि एकाच तोलाच्या दोन बंदुका हातात अगदी वेगळ्या लागतात: एकीचं वजन दोन हातांच्या मध्ये गोळा झालेलं, दुसरीचं टोकांना पसरलेलं.

यासाठी माझ्याकडे यंत्र नाही. रिकामी, तपासलेली बंदूक तोलाच्या खुणेवर एका हाताने आडवी धरायची आणि मनगटाने डावी-उजवीकडे हळू फिरवायची. दोन बंदुका लागोपाठ अशा फिरवल्या की फरक लगेच कळतो. आकडा मिळत नाही, पण निर्णयाला पुरतो.

कुणाला कसली हवी? ट्रॅपमध्ये बंदूक आधीच खांद्याला लागलेली असते आणि चकती समोरून लांब पळते. तिथे पुढे थोडं वजन असलं तर स्विंग गुळगुळीत राहतो. आंतरराष्ट्रीय स्कीटमध्ये दस्ता कमरेपाशी ठेवून वाट बघायची असते आणि चकती हाक दिल्यावर शून्य ते तीन सेकंदांत कधीही सुटते. तिथे मधोमध वजन असलेली बंदूक लवकर वर येते. एकाची बंदूक बघून दुसऱ्याने नक्कल करू नये ती यासाठी.

वजन घालायचंच असेल तर आधी टेपने तात्पुरतं लावा, चार फेऱ्या मारा, मग ठरवा. दस्त्यात वितळलेलं शिसं ओतणाऱ्यांना माझा ठाम विरोध आहे. लाकूड भाजतं, आणि ते शिसं परत निघत नाही.

सेमी-ऑटोवाल्यांनी (पुढचं काडतूस आपोआप भरणारी बंदूक) एक लक्षात ठेवावं. मॅगझिन नळीखाली, पुढे असतं. 28 ग्रॅमच्या एका काडतुसाचं वजन 40 ग्रॅमच्या थोडं वर जातं. जितकी काडतुसं भराल तितकं तोंड जड आणि प्रत्येक बारागणिक ते हलकं होत जातं. रिकाम्या बंदुकीचा तोल मोजून थांबू नका, तितक्याच वजनाची डमी काडतुसं भरूनही बघा.

दुकानात तीनदा उचलून निर्णय घेणं

तीनदा तर कोणतीही बंदूक छान वाटते. पाच-पाच मिनिटं थांबून 25-25 च्या चार खेपा, दरवेळी पूर्ण खांद्यापर्यंत, रिकाम्या बंदुकीने करून बघा. शेवटच्या खेपेतल्या शेवटच्या पाच वेळांकडे लक्ष द्या. दस्ता गालाऐवजी काखेकडे घसरतोय का, पुढच्या हाताची कोपर खाली पडतेय का, नळीचं तोंड थांबल्यावर थरथरतंय का. यातलं काही दिसलं तर 200 ग्रॅम हलकी बंदूक बघा किंवा दोन महिने खांद्याचा व्यायाम करून हीच परत उचलून बघा.