अ‍ॅपर्चर पूर्ण उघडताय? या चुका टाळा

“भाऊ, बॅकग्राउंड मस्त ब्लर झालं ना?” ५० एमएमची लेन्स नवीन घेतलेली पोरं मला हेच विचारतात. मी आधी फोटोतले डोळे झूम करून बघतो. बहुतेकदा तेच फोकसमधून सुटलेले असतात.

लेन्सचं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, एफ/१.८ पर्यंत उघडतं (एफचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं) म्हणून कायम तिथेच ठेवायचं, ही सगळ्यात मोठी चूक. मीही केली आहे. नागपूरच्या महाल भागात तान्हा पोळा, म्हणजे लहान मुलांचा लाकडी बैलांचा पोळा होता. धोतर-फेटा घातलेला चारेक वर्षांचा मुलगा लाकडी बैल छातीशी धरून उभा. दीड मीटरवरून फोटो काढला, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर झकास दिसला. घरी मोठा करून पाहिला तर शिंगावरचा बेगड सुरकुत्यांसकट लख्ख, आणि पोराचे काजळ घातलेले डोळे धूसर. त्याच्या आजीला तो फोटो द्यायचा होता, देता आला नाही.

कारण साधं आहे. क्रॉप, म्हणजे लहान आकाराच्या सेन्सरवर, ५० एमएमला, दीड मीटरवर एफ/१.८ ची डेप्थ, म्हणजे शार्प येणारी जाडी, जेमतेम साडेसहा सेंटीमीटर. फोकसच्या पुढे-मागे तीन-तीन. शिंग डोळ्यांच्या चार बोटं पुढे होतं. एफ/५.६ वर डोळ्यांवर फोकस केला असता तर वीस सेंटीमीटर मिळाले असते आणि दोन्ही आले असते. प्रकाश जवळपास दहापट कमी होतो, हे खरं. मग आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता, १०० ची १००० करा. फोटोत दाणे आले तरी चालतात, डोळे गेलेले चालत नाहीत.

तेव्हापासून बॅगेतून कॅमेरा काढला की मी आधी एफ/५.६ लावतो. त्याखाली जायला मला कारण लागतं. मागची भिंत मऊ हवी असेल तर पोराला तिच्यापासून तीन मीटर पुढे आणा. एवढी दोन पावलं चालायचा कंटाळा येतो म्हणून सगळे अ‍ॅपर्चरचं चाक फिरवत बसतात.

फुटाळा तलावावर सूर्यास्ताला उलटी चूक: “सगळं शार्प हवं” म्हणून थेट एफ/२२. इतक्या बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो आणि अख्खा फोटो मऊ पडतो. १८ एमएमला एफ/८ लावून दोन मीटरवर फोकस करा. एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं येतं.

आकडा लहान म्हणजे छिद्र मोठं, हे पाठच करा.

अंतर निम्मं केलं की डेप्थ पाव होते. जवळ जाताना अ‍ॅपर्चर बंद करत जा.

एफ/१.८ वर फोकस लॉक करून फ्रेम हलवू नका; फोकस पॉइंटच डोळ्यावर न्या.

डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतं ते उघड्या अ‍ॅपर्चरचं चित्र. बऱ्याच मॉडेलांवर लेन्सच्या बाजूला प्रीव्ह्यूचं छोटं बटण असतं, ते दाबून लावलेल्या अ‍ॅपर्चरचं चित्र बघा.