इंग्लंडमध्ये नवीन आलाय? घरात इलेक्ट्रिशियन बोलवायच्या आधी हे वाचा

नमस्कार मंडळी. दर सप्टेंबरला नवीन कुटुंबं येतात, घर भाड्याने घेतात आणि मग मला ठरलेला फोन येतो. "दादा, लँडलॉर्डने लाइटचा रिपोर्ट पाठवलाय, खाली सॅटिस्फॅक्टरी लिहिलंय, म्हणजे काळजी नाही ना?" किंवा "दादा, माणूस रजिस्टर्ड आहे, व्हॅनवर लोगो आहे, बोलवू का?" प्रत्येकाला फोनवर तेच सांगतो, म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू.

मी साताऱ्याकडचा, तिकडं आयटीआयला दोन वर्षं इलेक्ट्रिशियन ट्रेड केला, 2009 ला बायको नर्स म्हणून इकडं आली तिच्या मागून आलो, तेव्हापासून याच कामात आहे. खाली लिहितोय ते इंग्लंडपुरतं, स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत.

पहिली गोष्ट, आपल्याला खरी वाटत नाही पण खरी आहे. इथे "इलेक्ट्रिशियन" हा शब्द कायद्याने राखीव नाही. उद्या कोणीही व्हॅनवर इलेक्ट्रिशियन लिहून फिरू शकतो. गॅसचं तसं नाही, गॅसला हात लावायचा तर गॅस सेफ रजिस्टरमध्ये नाव असायलाच लागतं, आणि प्रत्येक माणसाकडे स्वतःचं कार्ड असतं, त्याच्या मागच्या बाजूला त्याला नेमकं काय काय करायची परवानगी आहे ते लिहिलेलं असतं. बॉयलरवाला आला की कार्ड उलटं करून बघा, तो रागावत नाही, त्याला सवय असते. विजेच्या बाबतीत घरगुती कामाला असं सक्तीचं कार्ड नाही. इथे आहे पार्ट पी नावाचा बिल्डिंग रेग्युलेशनचा भाग आणि त्याच्या जोडीला एनआयसीईआयसी, नॅपिट वगैरे स्कीम, म्हणजे इलेक्ट्रिकल फर्मची नोंदणी आणि तपासणी करणाऱ्या संस्था.

पार्ट पी 1 जानेवारी 2005 पासून लागू झाला. त्याच्या आदल्या वर्षी एका खासदारबाईंची मुलगी स्वतःच्या किचनमध्ये शॉक लागून गेली होती, धातूच्या रॅकचा स्क्रू भिंतीतल्या चुकीच्या रस्त्याने नेलेल्या वायरीत घुसला होता. त्यानंतर या नियमाची गरज अनेकांना पटली. 2013 ला इंग्लंडमध्ये तो थोडा सैल केला. आता कौन्सिलला (इथली नगरपालिका) कळवावं लागतं ते मुख्यतः तीन कामांसाठी: नवीन सर्किट, कन्झ्युमर युनिट म्हणजे आपला डीबी (घराचा मुख्य फ्यूज-ब्रेकरचा बोर्ड) बदलणं, आणि बाथ किंवा शॉवरच्या जवळच्या भागातलं काम. स्कीममधली फर्म हे काम स्वतः सर्टिफाय करून कळवू शकते, बाकीच्यांना सहसा आधी बिल्डिंग कंट्रोलकडे (बांधकाम तपासणारं खातं) जाऊन फी भरावी लागते.

आता नीट ऐका, कारण आपली माणसं इथेच फसतात. स्कीममध्ये रजिस्टर होते ती फर्म. फर्ममधला एक माणूस क्वालिफाइड सुपरवायझर म्हणून दाखवला जातो, वर्षातून एकदा स्कीमचा असेसर (तपासनीस) येतो, त्या सुपरवायझरला तपासतो, केलेली काही कामं बघतो, कागद बघतो आणि जातो. मी सुरुवातीला एका फर्ममध्ये हेल्पर होतो, तिथे असेसर यायच्या आधी कुठली दोन घरं दाखवायची ते महिनाभर आधी ठरलेलं असायचं, ती दोन घरं खरंच सुंदर केलेली असायची, बोर्ड उघडला की वायरी शाळेतल्या रांगेसारख्या. बाकीची घरं आम्ही करायचो, आणि सुपरवायझर त्या घरांच्या पायरीवर कधी चढलाच नाही पण सर्टिफिकेटवर सही त्याची. मला तेव्हा गावाकडची आठवण झाली, नवीन मीटर घ्यायला लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट लागायचा आणि तो रिपोर्ट घर न बघता टेबलावरच मिळायचा. मी इकडं येताना समजत होतो की हे फक्त आपल्याकडं चालतं. फार वाईट वाटलं होतं.

2007 ला वेस्ट ब्रॉमविचमध्ये एक तरुण आई फ्लॅटमध्ये शॉक लागून गेली. घर नवीन होतं, टेस्टिंग झालेलं होतं, सर्टिफिकेट होतं. भिंतीच्या आतली केबल डॅमेज झालेली होती, आणि घरात पाण्याची गळती झाली तेव्हा ती आई पाण्यापाशी गेली आणि तिला शॉक लागला. चौकशीत निघालं की टेस्टिंग ट्रेनिंग नसलेल्या हेल्परने केलं होतं आणि त्याने लिहिलेले आकडे खरे असूच शकत नाहीत हे सही करणाऱ्या सुपरवायझरच्या लक्षात आलं नाही. पार्ट पी येऊन तेव्हा जवळजवळ तीन वर्षं झाली होती. माझ्याबरोबर काम शिकणाऱ्या प्रत्येक पोराला मी ही केस सांगतो.

म्हणजे रजिस्ट्रेशन फालतू आहे का? अजिबात नाही. रजिस्टर्ड नसलेल्यापेक्षा रजिस्टर्ड बराच, निदान तक्रार करायला जागा असते, विमा असतो. फक्त ते उंबरठ्यापर्यंतचं काम करतं. आत कोण येतोय ते तुम्ही विचारायचं.

विचारायचं म्हणजे काय तर, "काम कोण करणार, तुम्ही की दुसरं कोणी?" आणि "त्याच्याकडे गोल्ड कार्ड आहे का?" ईसीएस म्हणजे इलेक्ट्रिकल कामगारांना कार्ड देणारी स्कीम, तिचं गोल्ड कार्ड त्या माणसाचं स्वतःचं असतं, फर्मचं नाही. त्यासाठी साधारणपणे लेव्हल 3 एनव्हीक्यू (प्रत्यक्ष कामावरची पात्रता) आणि एएम2 नावाची प्रॅक्टिकल परीक्षा लागते, अडीच दिवसांची, त्यात सप्लाय सुरक्षित बंद करण्यापासून सर्किट जोडणं, टेस्टिंग, फॉल्ट शोधणं सगळं कोणीतरी समोर उभं राहून बघतं. याउलट पार्ट पी आल्यावर पाच-पाच आठवड्यांचे कोर्स निघाले, त्यातून निघालेल्यांना इथले जुने इलेक्ट्रिशियन अजून फाइव्ह वीक वंडर म्हणतात. सगळे वाईट असतात असं नाही, काहींनी नंतर हाताखाली राहून खरंच काम शिकलं. पण चार वर्षं अप्रेंटिसशिप केलेला आणि पाच आठवडे वर्गात बसलेला, दोघांच्या व्हॅनवर तोच लोगो असू शकतो, हे मला आजही पटत नाही.

आता भाडेकरूंचं. 2020 च्या नियमाप्रमाणे खाजगी भाड्याच्या घराची विजेची तपासणी निदान दर पाच वर्षांनी झाली पाहिजे, तिला ईआयसीआर म्हणतात, आणि रिपोर्ट तुम्हाला राहायला यायच्या आधी मिळाला पाहिजे. मागायला लाजू नका. रिपोर्टमध्ये कोड असतात, सी1 म्हणजे धोका आत्ताच आहे, सी2 म्हणजे धोका होऊ शकतो, एफआय म्हणजे अजून तपासायला हवं, यातला एक जरी असेल तर रिपोर्ट अनसॅटिस्फॅक्टरी आणि लँडलॉर्डने 28 दिवसांत पुढचं काम करून घ्यायचं, रिपोर्टमध्ये कमी मुदत असेल तर त्या मुदतीत. करत नसेल तर कौन्सिलला लिहा. सी3 म्हणजे नुसती सुधारणा सुचवलीय, त्यावर पास होतो.

पण सॅटिस्फॅक्टरी लिहिलेला रिपोर्टही वाचा. तीन बेडरूमच्या घराची नीट टेस्टिंग करायला अर्धा दिवस तरी जातो. कोणी चाळीस मिनिटांत चहा पिऊन गेला असेल तर त्याने बोर्डाचं झाकण तरी उघडलं का हा प्रश्न आहे, याला इथे ड्राइव्ह-बाय म्हणतात. मागच्या पानांवर आकड्यांचा तक्ता असतो, त्यात झेडएस नावाचा कॉलम शोधा, तो फॉल्ट झाल्यावर करंट ज्या वाटेने फिरतो त्या लूपचा रेझिस्टन्स आहे असं समजा, केबल लांब आणि बारीक तसा तो वाढतो. किचनचे सॉकेट, वरच्या मजल्यावरचे लाइट, शॉवर, सगळ्यांना एकच आकडा असेल तर ते मोजलेलं नाही, लिहिलेलं आहे. इन्सुलेशनच्या कॉलममध्ये मात्र सगळीकडे 200 च्या वर असं सारखं दिसलं तर घाबरू नका, बऱ्याच मीटरची मर्यादाच तेवढी असते.

दोन वर्षांपूर्वी आपल्यातलंच एक जोडपं, बाळ सहा महिन्यांचं, त्यांचा रिपोर्ट मी असाच बघितला. झेडएस सगळीकडे 0.35. वहिनी म्हणाल्या शॉवर लावला की छताजवळ जळाल्यासारखा वास येतो पण रिपोर्ट ओके आहे म्हणून आम्ही काही बोललो नाही. मी शॉवरच्या छताजवळच्या दोरीच्या स्विचचं कव्हर काढलं तर आतलं प्लास्टिक तपकिरी झालेलं, टर्मिनल ढिलं, केबलचं इन्सुलेशन कडक होऊन तुटत होतं. इथला इलेक्ट्रिक शॉवर साडेआठ ते साडेदहा किलोवॅटचा असतो, म्हणजे चाळीस अँपिअरच्या आसपास, आपल्या गावच्या गिझरच्या चौपट, एक स्क्रू ढिला राहिला तरी आग लागायला पुरे. रिपोर्ट देणारी फर्म रजिस्टर्ड होती. आम्ही स्कीमकडे तक्रार केली, दुसऱ्याकडून परत तपासणी झाली, दोन सी2 निघाले. एवढं होईपर्यंत ते बाळाला बादलीने आंघोळ घालत होते.

आणखी एक, स्कीमच्या वेबसाइटवर फर्मचं नाव टाकून बघताना ती कशासाठी रजिस्टर आहे तेही बघा, नवीन काम करणं वेगळं आणि तपासणी करणं वेगळं. घर विकत घेतलेल्यांनी डीबी बदलला तर दोन कागद घ्यायचे, इन्स्टॉलेशन सर्टिफिकेट आणि बिल्डिंग रेग्युलेशन कम्प्लायन्स सर्टिफिकेट. दुसरा कागद घर विकताना सॉलिसिटर (वकील) मागतो.

आयटीआय करून आलेल्या पोरांना वेगळं सांगतो. तुमचं सर्टिफिकेट इथे सरळ चालत नाही पण वायाही जात नाही. पाच आठवड्यांच्या कोर्सच्या जाहिरातीला हजारो पाउंड देऊ नका. पाच वर्षांचा अनुभव असेल तर एक्स्पिरियन्स्ड वर्कर असेसमेंटचा रस्ता आहे, त्यात 18 व्या एडिशनची म्हणजे इथल्या वायरिंगच्या नियमांची परीक्षा आणि शेवटी एएम2ई, म्हणजे अनुभवी लोकांसाठीची एएम2. तिकडच्या कामाचे फोटो, पगाराच्या स्लिपा, मालकाची पत्रं येतानाच घेऊन या, मी आणली नव्हती आणि परत गोळा करायला वर्ष गेलं. पहिले काही महिने हेल्पर म्हणून राहिलात तरी चालेल, फक्त दुसऱ्याने न मोजलेला आकडा स्वतःच्या हाताने कागदावर लिहू नका, सांगणारा कितीही मोठा असला तरी.

शॉवरच्या वरचा दोरीचा स्विच आज हात लावून बघा. शॉवर दहा मिनिटं चालल्यावर तो चांगलाच गरम लागत असेल किंवा वास येत असेल तर डीबीवरचा शॉवरचा ब्रेकर खाली करा आणि मग लँडलॉर्डला फोन करा.