पाऊस मोजताय ना? मग या चुका टाळा (निम्म्या मी स्वतः केल्यात)

दर जूनला तेच. कुणीतरी नवा पर्जन्यमापक आणतो, फोटो टाकतो, "आजपासून नोंदी चालू" म्हणतो, आणि ऑगस्टमध्ये वही मागितली की "अहो मधे पंधरा-वीस दिवस राहिलंच लिहायचं". आणि हाच गडी पुढं विचारतो की दादा, पाऊस तर यंदा सरासरीएवढा झाला मग शेंगा का भरल्या नाहीत? आता काय सांगायचं.

मी लातूर जिल्ह्यातला, कोरडवाहू माणूस. सोयाबीन, तूर, हरभरा, बस. बावीस वर्षं झाली वही लिहितोय. हवामान खात्याचा माणूस नाही, शिकलेलोही फार नाही, पण चुका करून करून जे कळलं ते लिहितोय कारण तीच तीच उत्तरं देऊन खरंच कंटाळा आलाय.

माप दुसऱ्याचं, नरसाळं आपलं

ही माझी स्वतःची, आणि चांगली महागात पडलेली. सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्याकडचा पर्जन्यमापक तो फायबरचा, २०० चौरस सेंटिमीटर तोंडाचा. त्याच्यासोबत येतं ते काचेचं मापपात्र मे महिन्यात पोराच्या हातून फुटलं. तालुक्याला गेलो तेव्हा एका दुकानातून दुसरं आणलं, दिसायला अगदी तसंच, वर मिलिमीटरच्या रेघा, मी काही विचारलं नाही आणि दुकानदारानेही काही सांगितलं नाही. ते होतं १०० चौरस सेंटिमीटरच्या नरसाळ्याचं.

म्हणजे काय झालं बघा. २०० च्या तोंडात १ मिमी पाऊस पडला की खाली २० मिली पाणी जमतं. १०० च्या तोंडात १० मिली. माझं नवीन माप १० मिलीला १ मिमी दाखवत होतं, म्हणजे मला सगळा पाऊस दुप्पट दिसत होता.

मृग लागला आणि तीन दिवस संध्याकाळी पाऊस आला. वहीत लिहिलं ३४, २८, २२. बेरीज ८४. कृषी विभाग दरवर्षी घसा फोडून सांगतो की ७५ ते १०० मिमी झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, आणि माझे तर ८४ झालेले! महसूल मंडळाच्या पाऊस मोजायच्या केंद्राचा आकडा होता ४३. मला तेव्हाच शंका यायला पाहिजे होती, पण नाही, मी पारावर बसून सांगत होतो की आपल्या शिवारावर देवाची कृपा, आमच्याकडे डबल पडला. बाकीचे थांबलेले आणि मी चाड्यावर मूठ धरली, पेरून टाकलं. पाच एकर.

खरा पाऊस होता ४२. पुढं आर्द्रा कोरडी गेली, एकोणीस दिवस थेंब नाही. निम्मं उगवलंच नाही, उगवलं ते दोन पानांवर आलं आणि करपलं. दुबार पेरणी, परत बियाणं, परत खत, आणि बायको काही बोलली नाही हे जास्त वाईट.

आता हिशोब करा. १ मिमी पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर, एकराला साधारण ४,००० लिटर. माझ्या वहीत जे ४२ मिमी जास्तीचे होते ते एकरी १ लाख ७० हजार लिटरच्या आसपास पाणी. दहा हजारी टँकर धरला तर सतरा टँकर, एका एकराला! एवढं पाणी वहीत होतं आणि जमिनीत नव्हतं.

चूक सापडली ती जुलैत. मेहुणा आलेला, तो मेडिकलवाला, त्याला मापाची सवय. त्याने सलाईनच्या बाटलीतून बरोबर २०० मिली पाणी मोजून पर्जन्यमापकात ओतलं आणि म्हणाला मोज आता. १० यायला पाहिजे होते, २० आले.

तर तुम्ही एवढंच करा. टेप घ्या, नरसाळ्याच्या तोंडाचा व्यास मोजा. १६ सेंटिमीटर भरला तर तोंड २०० चौरस सेंटिमीटरचं, ११.३ भरला तर १०० चं. मापपात्रावर कितीचं आहे ते लिहिलेलं असतं, वाचा. काच फुटली तर घाईत दुसरी आणू नका, फवारणीचं मिलीवालं माप स्वच्छ धुवून वापरा आणि २० ने (किंवा १० ने) भागा. मी तर आता कायम तेच करतो. काच आणलीच नाही परत.

आणि दुसरी गोष्ट, जी यंत्रापेक्षा मोठी आहे. कुदळ. आकडा काही का येईना, पेरायच्या आधी मी आता शेतात तीन ठिकाणी खणून बघतो, एक बांधाजवळ, एक मधोमध, एक चढावर. वरची ओल खालच्या ओलीला भेटली का ते बघायचं. मधे कोरडा पापुद्रा लागला की घरी यायचं, मग शेजारचा पेरत असला तरी. दहा मिनिटांचं काम आहे पण नव्या पोरांना ते नको असतं, त्यांना ॲपवर हिरवा रंग दिसला की झालं. २०२५ ला बघितलं ना, मान्सून २६ मे लाच मुंबईत पोचला, १९५० पासूनच्या नोंदीत इतक्या लवकर कधीच आला नव्हता, आणि लोकांच्या हाताला खाज सुटली. कृषी खातं सांगत होतं घाई करू नका. मेचा पाऊस तो मेचा पाऊस, तो नांगरटीला चांगला, त्याच्या भरवशावर बी टाकायचं नसतं हे आमच्या आज्याला कळत होतं.

महिन्याच्या बेरजेवर निकाल लावणे

ही दुसरी, आणि ही तर शिकलेली माणसं जास्त करतात. "जुलै १०२ टक्के, ऑगस्ट ९८ टक्के, मग काय रडता?" असं म्हणणारा माणूस भेटला की मी वही काढतो.

माझ्याच वहीतले दोन ऑगस्ट. एका वर्षी १६८ मिमी, दुसऱ्या वर्षी १७१. सारखेच म्हणाल. पहिल्या ऑगस्टमध्ये पावसाचे दिवस तेरा, कुठंही सहा दिवसांच्या वर उघडीप नाही. दुसऱ्यात पावसाचे दिवस चार. एक तारखेपासून बावीस तारखेपर्यंत नुसता वारा आणि ऊन, आणि मग चार दिवसांत सगळं ओतलं. सोयाबीन तेव्हा फुलातून शेंगेत चाललेलं. फुलं गळाली, ज्या शेंगा धरल्या त्यात दाणा ज्वारीएवढा. पहिल्या वर्षी एकरी नऊ क्विंटल, दुसऱ्या वर्षी चार पण धड नाही. कागदावर दुसऱ्या वर्षी ३ मिमी जास्तच पाऊस होता हो!

पावसाचा दिवस म्हणजे काय तेही सांगतो कारण त्यातही गोंधळ. हवामान खातं २.५ मिमी किंवा जास्त पडला तरच पावसाचा दिवस धरतं. चार थेंब पडले, छपराचा वास आला, हा पावसाचा दिवस नाही. आणि जिल्ह्याचा पाऊस सरासरीपेक्षा १९ टक्के कमी किंवा १९ टक्के जास्त असला तरी खात्याच्या भाषेत तो "सामान्य"च. त्यामुळे बातमीत सामान्य ऐकून निवांत झोपू नका, शंभराच्या जागी ८१ पडला तरी सामान्य.

माझी पद्धत अशी की महिन्याखाली तीन आकडे लिहायचे: बेरीज, पावसाचे दिवस, आणि सगळ्यात मोठा खंड किती दिवसांचा. आणि बाजूला नक्षत्र. हसू नका. नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचं असतं, आणि पिकाच्या अवस्था साधारण तेवढ्याच टप्प्याने बदलतात, म्हणून महिन्यापेक्षा मला ते माप जास्त बरोबर वाटतं. मघा-पूर्वा कोरडी गेली म्हटलं की आमच्याकडे म्हाताऱ्यालासुद्धा कळतं सोयाबीनचं काय झालं असेल. "ऑगस्ट सामान्य" म्हटल्यावर कुणालाच काही कळत नाही. (कुणाला नक्षत्र नको असेल तर हवामानाचे आठवडे असतात वर्षाचे ५२, ते वापरा, भांडण नाही.)

२०२३ चा ऑगस्ट मात्र असा की काय बिघडलं ते कळायला नुसती बेरीजही पुरेशी होती. १९०१ पासूनच्या नोंदीत देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट, ३६ टक्के तूट. त्या महिन्याच्या पानावर माझ्या वहीत ओळीने शून्यं आहेत.

शून्य लिहायचं सोडणे

शून्यावरून आठवलं. पाऊस नाही पडला तर लोक रकाना रिकामा ठेवतात. सहा महिन्यांनी कळणार कसं की पाऊस नव्हता की तुम्ही लग्नाला गेला होता? पाऊस नाही तर ०. मोजलं नाही तर फुली. अंदाजाने तर अजिबात भरू नका, त्यापेक्षा फुली बरी.

वेळ आणि तारीख

सकाळी साडेआठला मोजायचं. रोज. खातं साडेआठ ते साडेआठ धरतं आणि तो पाऊस मोजला त्या दिवसाच्या तारखेला लिहितं, म्हणजे सोमवारी रात्री झोडपलं तरी तो मंगळवारच्या नावावर. हे माहीत नसलं की मग "मंडळाचं केंद्र खोटं दाखवतं" म्हणून भांडणं. अतिवृष्टी धरायला मंडळात २४ तासांत ६५ मिमीची अट असते, तिथं रात्रीचा पाऊस दोन तारखांत वाटून बघणारे मी बघितलेत. केंद्र लांब असतं हे खरं आहे, माझ्याकडे ७० आणि मंडळात ५८ असंही झालंय, वही घेऊन गेलो तर साहेब हसले. पण आपलीच तारीख चुकलेली असेल तर तोंड कुठं उघडणार?

जागा

लिंबाखाली नको. गच्चीवर नको, वाऱ्याने पाऊस उडून जातो आणि कमी भरतो. झाड किंवा भिंत जितकी उंच त्याच्या निदान दुप्पट अंतर सोडा, तोंड जमिनीपासून फूटभर वर, आणि पातळीत. पावसाळ्यात दर आठवड्याला आत बघा, माझ्याकडे एकदा बेडूक होता.

तापमापक पत्र्याच्या भिंतीला

४८ डिग्री म्हणून स्टेटस टाकता ते पत्र्याचं तापमान आहे, हवेचं नाही. सावलीत, हवेशीर, जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर, पांढऱ्या जाळीदार खोक्यात, दार उत्तरेला. आणि पहाटेचं किमान लिहा, हरभऱ्याला तेच कामाचं.

३० सप्टेंबरला वही बंद

खात्याचा मोसम १ जून ते ३० सप्टेंबर, तुमचं पीक त्याला बांधलेलं नाही. सोयाबीनची काढणी, गंजी शेतात, आणि ऑक्टोबरचा पाऊस, याची नोंदच नाही? नोव्हेंबरात तूर फुलात असते, तीन दिवस आभाळ राहिलं की घाटेअळी, धुई (धुकं) पडली की फूलगळ. त्यात मिलिमीटर शून्यच असतात, म्हणून "आभाळ", "धुई", "दव" हे शब्द लिहायचे. माझ्या वहीतलं सगळ्यात उपयोगी पान कुठलं म्हणाल तर ज्यावर एकही आकडा नाही, नुसतं "धुई, धुई, आभाळ, धुई" लिहिलंय, आणि खाली त्या वर्षीच्या तुरीचा उतारा.

अंदाज आणि नोंद एकाच रकान्यात

ॲपने उद्या ४० सांगितलं म्हणून ४० लिहून ठेवणारा माणूस मी स्वतः बघितलाय. अंदाज बघायचा तर मंगळवारी आणि शुक्रवारी परभणीच्या विद्यापीठाचा सल्ला येतो तो वाचा, वही वेगळी ठेवा.

बाकी किरकोळ. पेन नको, भिजलं की पसरतं, शिसपेन्सिल वापरा. वही दाराजवळ खिळ्याला, पिशवीत. चहाच्या आधी मोजायचं, चहा झाला की फोन येतो आणि राहतं. एका महिन्याखाली मी काय लिहितो ते विचारतात पुष्कळ जण, तर हे मागच्या एका वर्षाचं जसंच्या तसं:

"ऑगस्ट. १४३ मिमी. पा. दिवस ९. खंड ११ (६ ते १६), आश्लेषा गेली. सोयाबीन फुलात, चढाचं माना टाकून, खालचं बरं. विहिरीवरून एक पाणी दिलं १४ ला, चढाला द्यायचं सोडून आधी खाली दिलं. चूक."