सुकतीला खडपावर: शंखशिंपले बघायचे कसे

पहिल्या वर्षी मी तांदळाची पिशवी भरून शिंपले गोळा केले आणि प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एका ओळखीच्या सरांकडे घेऊन गेले. त्यांनी पिशवीत हात घालून एक काढला. "हा कुठला?" मी म्हटलं, भाट्याचा. नाहीतर मिऱ्याचा असेल. "खडपावर होता, रेवेत की चिखलात?" आठवेना. सरांनी शिंपला परत पिशवीत टाकला आणि म्हणाले, "मग आता ह्याचा चुना भाजा."

राग आला, पण म्हणणं खरं होतं. शंखशिंपल्यांत निम्मी ओळख जागेवरून होते. खडपाच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या कातळाच्या, डोक्यावर राहणारी गोगलगाय पायथ्याशी सापडत नाही, आणि खाडीतली तिसरी (हा खायचा शिंपला) वाळूच्या पुळणीवर सापडली तर ती वाहून आलेली, मेलेली. म्हणून आधी जागा लिहायची, नाव मागाहून. रत्नागिरीत राहून बारा वर्षं हेच करतेय, ते सांगते. तुमचा किनारा वेगळा असला तरी फार फरक पडणार नाही.

वेळ

सगळं सुकतीवर, म्हणजे ओहोटीवर अवलंबून. आमच्याकडचा जुना हिशोब असा: तिथीला तीनने गुणा, चाराने भागा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. द्वितीयेला दोन त्रिक सहा, भागिले चार, म्हणजे दीड वाजता भरती. त्याच्या सव्वासहा तास आधी किंवा नंतर सुकती, म्हणजे सकाळी सव्वासात आणि संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास. पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतात, पण घरून कधी निघायचं एवढं कळतं.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस निवडा. उधाणाला पाणी जेवढं वर चढतं तेवढंच खाली उतरतं, आणि एरवी कायम बुडालेला खडपाचा पायथा तासभर उघडा पडतो. अष्टमीच्या आसपास भांग असतो. तेव्हा पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. त्या दिवशी घरी बसून वही नीट करावी.

पाणी अजून उतरत असतानाच पोचायचं, सुकतीच्या दीड तास आधी. उतरत्या पाण्यामागून खाली जायचं आणि पाणी वळलं की आपणही वळायचं. समुद्राकडे पाठ करून वाकायचं नाही. पावसाळ्यात मी खडपावर जातच नाही, तुम्हीही जाऊ नका.

सामान

मागे पट्टा असलेली, खरखरीत तळव्याची जुनी सँडल. चप्पल नको. दगडाला चिकटलेल्या कालव-शिंपल्यांची धार ब्लेडसारखी असते आणि तो काप लवकर भरत नाही. वही आणि पेन्सिल, कारण पेनाची शाई खाऱ्या पाण्यात पसरते. पंधरा सेंटिमीटरची पट्टी. दर मीटरला गाठ मारलेली दहा मीटर सुंभाची दोरी. आणि अर्धा मीटर बाय अर्धा मीटरची चौकट. माझी चौकट प्लंबरकडच्या उरलेल्या पाइपची आहे.

दोरी खडपाच्या माथ्यापासून पाण्याकडे सरळ टाकायची. प्रत्येक गाठीशी चौकट ठेवायची आणि आत काय, किती, ते मोजायचं. चौकट आवडत्या जागी सरकवायचा मोह होतो, कारण शेजारीच काहीतरी सुंदर बसलेलं असतं. सरकवायची नाही. रिकामी चौकट आली तर शून्य लिहायचं. सुरुवातीला मी शून्यं लिहीतच नव्हते, त्यामुळे माझ्या पहिल्या वहीतला समुद्र शंखांनी खच्चून भरलेला दिसतो.

खडप, वरून खाली

माथ्यावर फक्त उधाणाचे शिंतोडे पोचतात. तिथे भेगांत मिरीच्या दाण्याएवढ्या करड्या गोगलगायी दाटीने बसलेल्या असतात. ह्या लिटोरिना कुळातल्या. उन्हात दार लावून घेतात आणि कडेला चिकटा लावून दगडाला लटकून राहतात. मेल्यात असं वाटतं. एकीवर समुद्राचं पाणी शिंपडा आणि दोन मिनिटं गप्प बसा: आधी झाकण हलतं, मग केसासारखी दोन शिंगं बाहेर येतात. लहान मुलांना दाखवायला ह्याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही.

त्याखाली नेरिटा नावाच्या गोगलगायी, गोल पाठीच्या, अर्ध्या वाटाण्यासारख्या. मग कालवांचा पट्टा, लांबूनही पांढरट दिसतो. कालवाचं एक शिंप दगडाला सिमेंटने बसवल्यासारखं असतं, वरचं झाकण तेवढं उघडतं. ह्याच पट्ट्यात ज्वालामुखीच्या तोंडासारखे छोटे पांढरे सुळके दिसतील. ते शिंपले नव्हेत, बार्नॅकल. झिंग्या-चिंबोऱ्यांचे भाऊबंद. मोजा, पण वेगळ्या रकान्यात.

आणखी खाली दगडाला टोपीसारखे चिकटलेले लिंपेट. ओढून काढू नका. त्याचा पाय फाटतो आणि प्राणी मरतो. अगदी पायथ्याशी मालवणकडे शिनाणे म्हणतात ते हिरव्या कडेचे शिंपले, आणि दगडांच्या पोटाशी लुनेला नावाचे शंख: पाठीवर मणी ओवल्यासारख्या ओळी आणि तोंडाला जाड, चुनखडीचं पांढरं झाकण. नशीब असेल तर जिवंत कवडी. तिचं अंग दोन्ही बाजूंनी वर येऊन शंख झाकून टाकतं, म्हणून ती चकचकीत राहते.

दगड उलटायचा तर आपल्याकडे उचलायचा, म्हणजे खालचा जीव पलीकडून निसटू शकतो. बघून झालं की जसा होता तसाच परत ठेवायचा. खालची बाजू वर राहिली तर त्यावरची अंडी, स्पंज, बारके शिंपले दुपारपर्यंत वाळून जातात. शाळेच्या सहली येऊन गेल्या की सगळं खडप पोट वर करून पडलेलं दिसतं. तेव्हा माझं डोकं फिरतं.

शंकूच्या आकाराचा शंख जिवंत दिसला तर हात लावायचा नाही. ह्या शंखाला कोनस म्हणतात; त्याला विषारी दात असतो, भाल्यासारखा फेकतो. काही जातींच्या विषाने माणसं दगावली आहेत, आणि ही जात कुठली ते दगडावर वाकून ठरवत बसू नये.

पुळण

इथे लाटेच्या काठी उभं राहा. लाट मागे गेली की रेवेतून पाचरीसारखे डोनॅक्स शिंपले उघडे पडतात आणि दहा मोजायच्या आत पाय खुपसून पुन्हा गडप होतात. शर्टाच्या बटणासारखे चपटे, रंगीत अम्बोनियम शंखही इथलेच. दोन सारख्या नक्षीचे मिळत नाहीत.

रेव आणि चिकट्याचा घट्ट झालेला, शर्टाच्या कॉलरसारखा वळलेला तुकडा सापडला तर मोडू नका, ती नॅटिका नावाच्या गोगलगायीची अंडी. ही नॅटिका दिसायला गरीब, गोलमटोल, पण धंदा दरोडेखोराचा. मेलेले शिंपले चाळताना बिजागरीजवळ एक गोल भोक दिसेल. भोकाची कड तिरकी, आत निमुळती होत गेलेली असेल, सुतार स्क्रूचं डोकं बसवायला करतो तशी, तर काम नॅटिकाचं. कड सरळ असेल तर खडपावरच्या म्युरेक्स कुळातल्या कुणाचं तरी. शंभर शिंपले घ्या, भोकंवाले किती ते मोजा. शंख जिवंत न बघताही त्या किनाऱ्यावर कोण कुणाला खातं ते कळतं.

शिंपल्याची आतली बाजूही बघा. आत एक पुसट रेघ असते आणि मागच्या टोकाशी ती आत वळून खाच करते. खाच खोल असेल तर प्राण्याची पाणी ओढायची नळी लांब, म्हणजे तो खोल पुरलेला राहत होता. खाचच नसेल तर तो बहुधा वरवर राहणारा. फोटो काढताना आतली बाजू, बाहेरची बाजू आणि शेजारी पट्टी असे फोटो हवेतच. शंखाचा फोटो टोक वर, तोंड आपल्याकडे. तोंड उजवीकडे आलं तर शंख उजवा. बहुतेक उजवेच. पूजेतला दक्षिणावर्ती शंख ह्या हिशोबाने डावा निघतो, कारण तिथे टोक खाली धरून बघतात. ऑनलाइन स्वस्तात विकतात ते तर बहुतेकदा अमेरिकेच्या किनाऱ्यावरची जन्मजात डावी अशी दुसरीच जात. त्यात दुर्मीळ काही नाही.

खाडी

खाडीत शिकायचं तर पुस्तक मिटून बायकांमागून जा. माझी आत्ते भाट्याच्या खाडीत तिसऱ्यांना जायची, पाटी कमरेला बांधून, गुडघाभर पाण्यात. मी वाकून पाण्यात बघत होते तर म्हणाली, "डोळ्यान काय बघतंस गो? पायान बघ." तळव्याखाली रेव मऊ लागते आणि मधेच बोटाला गुळगुळीत कड लागते, ती तिसरी. त्या दिवशी तिने पाटी भरली, मी सात काढल्या. त्यातल्या दोन नुसती शिंपं.

बारक्या ती पाण्यातच परत टाकायची. हे काही तिचं एकटीचं शहाणपण नव्हे. केरळातल्या अष्टमुडी खाडीत विणीच्या दिवसांत, डिसेंबर ते फेब्रुवारी, शिंपले काढायला बंदी असते, आणि 2014 साली त्या मासेमारीला शाश्वत म्हणून आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं. आपल्या खाड्यांत कुणी काढायचं, किती काढायचं हे अजून पाटीवाल्या बायकाच ठरवतात.

तिसऱ्या, मुळे, खुबे ही नावं दर खाडीला बदलतात. एका गावची तिसरी पलीकडच्या तीरावर भलतीच असते. म्हणून स्थानिक नाव लिहिताना गावाचं नाव आणि सांगणाऱ्याचं काम लिहा, आणि फोटोशिवाय लॅटिन नाव लावू नका.

कांदळवनात चिखलावर टोकदार, बुरुजासारखे शंख हजारोंनी असतात. चौकटीतले सगळे मोजू नका, एक कोपरा मोजा आणि चाराने गुणा. झाडंही बघा. खडपाच्या माथ्यावरच्या त्या मिरीच्या दाण्यांचे चुलत भाऊ इथे पानांवर आणि खोडांवर बसतात.

घरी काय आणायचं

रिकामे, मेलेले, आणि तेही मोजके. एकदा एक सुंदर रिकामा शंख आणून टेबलावर ठेवला, रात्री तो चालायला लागला. आत शंखवाला खेकडा होता. सकाळी सुकतीची वाट न बघता स्कूटरवरून त्याला परत सोडून आले. शंख आधी बादलीत अर्धा तास ठेवा, आत कुणी असेल तर बाहेर येतं. काही जाती वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या यादीत आहेत, त्या मेलेल्याही जवळ ठेवता येत नाहीत. ओळख पटेपर्यंत फोटोच बरा.

चिठ्ठीवर तारीख, तिथी, गाव, कितव्या गाठीशी, खडप की रेव की चिखल. चिठ्ठी शंखाच्या आत सारायची, डबीवर चिकटवायची नाही. डब्या बदलतात.

आणि घाटात

लिटोरिनाचं कुळ समुद्राचं. पण त्यातली एक शाखा सह्याद्रीच्या पाझरत्या कड्यांवर, गोड्या पाण्यात राहते, समुद्रापासून कितीतरी उंचावर. 1863 साली ब्लॅनफर्ड या इंग्रज निसर्गअभ्यासकांनी त्यातल्या एकीचं वर्णन केलं. आज तिला क्रेम्नोकोंकस सह्याद्रेन्सिस म्हणतात. 2013 साली कर्नाटकातल्या घाटांतून आणखी सहा जातींची वर्णनं आली. इथे दोरी-चौकट चालत नाही, दरड आणि शेवाळ दोन्ही निसरडं. वाटेवरूनच, हाताच्या उंचीवरच्या ओल्या कातळावर नीट बघायचं. एक एक जात दोन-चार कड्यांपुरतीच असू शकते, म्हणून उचलायची नाही.

माझ्या वहीत ते पान असं आहे: "श्रावण, वद्य पंचमी. कडा, पाणी झिरपतं, ऊन नाही. छातीच्या उंचीवर भेगेत 11, मिरीएवढ्या. खाली शेवाळात 0. खरंच त्याच का, माहीत नाही. फोटो हलला."