डिस्कस आणण्याआधी: पाणी किती, फिल्टर किती

दुकानात डिस्कस (गरम पाण्यात राहणारे चपटे, गोल शोभेचे मासे) पसंत करायच्या आधी घरातली पिंपं मोजा. इंदूरच्या बऱ्याच वस्त्यांत नर्मदेचा नळ एक दिवसाआड येतो आणि डिस्कसला आठवड्यातून दोनदा तरी एक तृतीयांश पाणी बदलून लागतं. चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टँकमध्ये वरची जागा सोडून साधारण ३८० लिटर पाणी बसतं, म्हणजे दर खेपेला सव्वाशे लिटर. ते साठवायला जागा नसेल तर टँक लहान घ्या आणि मासे बदला. फिल्टर मोठा घेऊन हा प्रश्न सुटत नाही. त्यातले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्राइटचं नायट्रेट करतात आणि नायट्रेट टँकमध्येच साचत राहतं. ते पाण्याबरोबरच बाहेर काढावं लागतं.

पिंपासाठी एक एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड), क्लोरीन मारायला हायपो आणि हिवाळ्यासाठी वेगळा हीटर आणून ठेवा. डिस्कसला २८ ते ३० अंश हवेत; जानेवारीतल्या सकाळचं नळाचं पाणी तसंच ओतलं तर मासे काळवंडून कोपऱ्यात बसतील. बोरिंगचं पाणी वापरणार असाल तर आधी पीएच आणि जडपणा तपासा. पीएच ८ च्या वर गेला की तेवढाच अमोनिया कितीतरी जास्त विषारी होतो, आणि गरम पाण्यात तर आणखीच.

आता मासे ठरवा. प्रौढ माशामागे ४० ते ५० लिटर धरा, म्हणजे या टँकात आठ. दोन-तीनच आणले तर सगळी दादागिरी एकावरच येते. पिल्लं आणणार असाल तर ती दिवसातून चार-पाच वेळा खातात. काळीज-कोळंबीचं मिश्रण देणार असाल तर पाणी झपाट्यानं खराब होतं. म्हणून फिल्टरचा हिशोब रोजच्या खाण्यावर करा, नुसत्या माशांच्या संख्येवर नको.

फिल्टरच्या खोक्यावरचा आकडा रिकाम्या फिल्टरचा असतो. आत मीडिया (जिवाणू ज्यावर राहतात ते स्पंज, रिंगा वगैरे) भरला, पाणी वर चढवावं लागलं की प्रवाह बराच घटतो, काही वेळा अर्ध्यावर येतो. टँकमधलं पाणी तासाला चार-पाच वेळा खरोखर फिरलं तर पुरतं, म्हणजे दीड ते दोन हजार लिटर. मी एकच राक्षसी कॅनिस्टर (टँकबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) न घेता तासाला दीड-दोन हजार लिटरचे दोन घेईन. एक बंद पडला तरी दुसरा टँक सांभाळतो. प्रवाह वाढवण्यापेक्षा सिरॅमिक रिंगा आणि स्पंज वाढवा, कारण जिवाणूंना राहायला पृष्ठभाग लागतो. जोराचा प्रवाह डिस्कसला सोसत नाही, चपटा मासा सतत ढकलला जातो. स्प्रे-बार (फिल्टरचं पाणी टँकमध्ये सोडणारी भोकांची नळी) मागच्या काचेकडे वळवा. यूव्ही, कार्बन वगैरे दुकानदार आधी दाखवेल, ते नंतर बघू.

शिवाय बॅटरीवर चालणारा एअरपंप आणि एक मोठा स्पंज फिल्टर हवाच. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसातच. मे महिन्यात दुपारी लाइट गेली की बंद कॅनिस्टरमधले जिवाणू उरलासुरला प्राणवायू संपवतात. काही तासांनी लाइट आली तर कॅनिस्टर तसाच सुरू करू नका. उघडा, आतलं सडकं पाणी ओता, मीडिया टँकच्याच पाण्यात विसळा, मग लावा.

मासे येण्याच्या चार ते सहा आठवडे आधी फिल्टर चालू करून टँकमध्ये अमोनिया घालत राहा. २ पीपीएम (लिटरमागे २ मिलिग्रॅम) अमोनिया घातल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊ लागले की टँक तयार. टेस्ट किटची मुदत तेवढी खरेदीच्या वेळीच बघून घ्या. पुढे साफसफाईच्या तारखा लिहाल तेव्हा दोन्ही कॅनिस्टर एकाच दिवशी धुवू नका. मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या, आणि मीडिया नळाखाली धरू नका.