उन्हाळ्याआधी घर थंड करायचंय? सुरुवात गच्चीपासून करा

परभणी, बीड, नांदेडकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री तीच उष्णता खोलीत सोडतो. रात्री अकरालाही पंख्याचा वारा गरम लागतो तो यामुळे. म्हणून कूलर-एसीच्या आधी पैसा गच्चीवर लावा. जुन्या माळवदाच्या घरांत मातीचा जाड थर ऊन अडवायचा, पण तेच वजन १९९३ च्या किल्लारी भूकंपात अनेकांच्या जिवावर बेतलं. तेव्हा छपराचं वजन न वाढवता ऊन परतवणारा पांढरा चुनाच बरा.

५०० चौरस फूट स्लॅबला दोन हात द्यायला साधारण १२ किलो चुनकळी (न विरवलेला, खड्यांचा चुना), २ किलो पांढरा सिमेंट आणि अर्धा किलो फेव्हिकॉल लागतं. पाणी ५०-६० लिटर लागेल, त्यामुळे टँकर सुरू होण्याआधी, फेब्रुवारीत किंवा मार्चच्या सुरुवातीला हे काम उरका.

आदल्या दिवशी लोखंडी पिंपात पाणी घेऊन त्यात चुनकळी थोडी थोडी सोडा. चुनकळीवर पाणी ओतू नका. ती उकळून अंगावर उडते. प्लास्टिकची बादली त्या उष्णतेने वितळू शकते. डोळ्यांना चष्मा आणि हातात रबरी मोजे हवेतच, लेकरं लांब ठेवा. डोळ्यात चुना गेलाच, तर १५-२० मिनिटं स्वच्छ पाण्याची धार धरा आणि लगेच दवाखाना गाठा. चुना २४ तास विरू द्या, मग जाड फडक्यातून गाळा.

दरम्यान गच्ची तारेच्या ब्रशने घासा. शेवाळ किंवा धूळ राहिली की चुना पापुद्र्यांनी निघतो. भेगा आधी बुजवा, कारण चुन्याने गळती थांबत नाही. लावण्याआधी स्लॅब पाण्याने ओलसर करा. गाळलेल्या चुन्यात फेव्हिकॉल कालवा. पांढरा सिमेंट मात्र तासाभरात संपेल तेवढ्याच मिश्रणात घाला, नाहीतर तो घट्ट होतो. पहिला हात उभा, तो वाळल्यावर दुसरा आडवा. काम सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करा. भर दुपारी लावलेला चुना झटकन वाळतो आणि हाताला पीठ लागतं. पुढचे दोन-तीन दिवस संध्याकाळी हलकं पाणी शिंपडा. खोलीत साधारण २ ते ५ अंशांचा फरक पडतो. धूळ बसली की हा गुण कमी होतो, म्हणून गच्ची झाडत राहा. पाऊस चुना धुऊन नेतो, त्यामुळे दरवर्षी नवा हात लागतो. गच्चीचं पाणी साठवत असाल तर पहिल्या काही पावसांचं पाणी वाहून जाऊ द्या.

पत्र्यावर चुना टिकत नाही. तिथे ऊन परतवणारा पांढरा रंग द्या किंवा पत्र्याच्या फूटभर वर शेडनेट ताणून बांधा. पत्र्यावर कडबा पसरू नका, एक ठिणगी पुरेशी असते.

आता पंखा. जुना साधा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (कमी विजेवर चालणाऱ्या मोटरचा) पंखा ३० च्या आसपास. दिवसाला १५ तास चालवला तर महिन्याला एका पंख्यामागे साधारण २० युनिट वाचतात. महावितरणचा दर जास्त युनिटला चढत जातो, म्हणजे वाचलेली युनिटं सगळ्यात महागड्या टप्प्यातली असतात. सगळे पंखे एकदम बदलू नका, जास्त तास चालतो तोच आधी बदला. पंखा नुसता मंद झाला असेल तर आधी कपॅसिटर तपासून घ्या.

आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे कूलर एसीपेक्षा फार कमी विजेत भागवतो. मात्र समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीत दमट वाफ कोंडते. बोअरच्या पाण्याचे क्षार पॅडवर बसतात, म्हणून आठवड्याला टाकी रिकामी करून धुवा. डासही होत नाहीत.

सोलार सगळ्यात शेवटी, वापर कमी केल्यावर, म्हणजे लहान संच पुरतो. १ किलोवॅट दिवसाला सरासरी ४ युनिट देतो. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तीन किंवा जास्त किलोवॅटला एकूण ७८,००० रुपये केंद्राचं अनुदान आहे. अर्जातलं नाव वीजबिलावरच्या नावाशी जुळलं पाहिजे. बिल अजून वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल तर ते आधी बदलून घ्या.